डब्याच्या पिशवीतली पुस्तके

यंदाच्या वार्षिकासाठी आमच्या मराठीच्या सरांनी एक काम माझ्या गळ्यात घातले. "विद्यार्थ्यांची वाचनाची आवड जरा रुंदावेल अशा वीस कथा-कादंबऱ्या निवड आणि प्रत्येकीवर चार ओळी लिही," असे ते म्हणाले. मला मोठा आनंद झाला. त्याच रात्री तिसऱ्या पाळीत, जेवणाच्या सुट्टीत, मी यादी करायला बसलो. अर्ध्या तासात वीस नावे झाली. मग ती यादी मी सुरुवातीपासून वाचून पाहिली आणि ओशाळलो. परीक्षेच्या पेपरात शोभेल अशी ती यादी होती. तिच्यातली बरीचशी पुस्तके मी कोणाच्याही हातात नेऊन दिलेली नव्हती. आणि जे एक दिले होते, त्याची आठवण फारशी सुखाची नव्हती. यादीचा कागद घडी करून मी डब्याच्या पिशवीत टाकला. पुढे त्याच्यावर आमटी सांडली आणि प्रश्न मिटला.

तेव्हा वाचकहो, यादीऐवजी हे चार अनुभव लिहून देत आहे. सर रागावणार नाहीत अशी आशा आहे.

आधी स्वतःविषयी थोडे सांगतो. कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या कडेला असलेल्या एका लहान गावातला मी. 'पंचतारांकित' म्हटले की आमच्या पै-पाहुण्यांना हॉटेल आठवते आणि तिथे नोकरी करणारा पोरगा म्हणजे पांढरा डगला घातलेला वेटर, अशी त्यांची समजूत होते. ही आहे कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या जमिनीवर पसरलेली औद्योगिक वसाहत. पुणे-बंगळूर महामार्गावर लक्ष्मी टेकडीपाशी उतरले की आत जाणारा रस्ता लागतो. आत कापड, सूत, यंत्रांचे भाग, फौंड्री असे नाना प्रकारचे कारखाने आहेत. आमच्या घराच्या अंगणातून तिथले दिवे दिसतात. माझ्या लहानपणापासून घराच्या त्या बाजूला कधी पुरता अंधार झालेला मला आठवत नाही.

तिथल्या एका फौंड्रीत मी ठेकेदाराकडे फेटलिंगला आहे. ओतून गार झालेल्या कास्टिंगच्या कडा ग्राइंडरवर घासून साफ करायच्या, एवढेच काम. रात्री अकराला कार्ड पंच करायचे, सकाळी सातला सुटायचे, आंघोळ करायची आणि कॉलेजला पहिल्या तासाला येऊन पेंगायचे. सरांना हे माहीत आहे, म्हणून ते मला उठवत नाहीत. रात्री दोन-अडीचला अर्ध्या तासाची सुट्टी असते. भाकरी दहा मिनिटांत संपते. उरलेल्या वीस मिनिटांत मी वाचतो. तीन वर्षे झाली, माझ्या डब्याच्या पिशवीत भाकरीच्या फडक्याशेजारी एक पुस्तक असतेच.

मात्र ते पुस्तक कोणते, हा खरा प्रश्न आहे.

पहिली दोन वर्षे मी एकाच जातीची पुस्तके वाचली. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' तीन वेळा, 'छावा' दोन वेळा, रणजित देसाईंची 'स्वामी' आणि 'श्रीमान योगी', वि. स. खांडेकरांची 'ययाति'. ही आमच्या जिल्ह्याची मोठी माणसे. सावंत आजऱ्याचे, देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे, आणि खांडेकरांचे कितीतरी आयुष्य कोल्हापुरात गेले. 'ययाति'ला 1974 साली ज्ञानपीठ मिळाले; मराठीला मिळालेले ते पहिलेच. तेव्हा ही पुस्तके वाचण्यात कमीपणा मुळीच नाही. दोष पुस्तकांचा नव्हता, माझा होता. मला राजे हवे होते, रथ हवे होते, तलवारी हव्या होत्या. अंगावर लोखंडाचा काळा कीस पडलेला असताना कर्णाची कवचकुंडले डोळ्यांसमोर आणायला फार बरे वाटते. आणि 'ग्रामीण कथा', 'ग्रामीण कादंबरी' असे शब्द आले की मी नाक मुरडायचो. शेण, माती, भांडणे, दुष्काळ. हे घरी आहेच की, पुस्तकात कशाला? ग्रामीण साहित्याची सात वैशिष्ट्ये मला पाठ होती. त्यांवर दहापैकी आठ गुणही मिळवले होते. ग्रामीण पुस्तक मात्र एकही पूर्ण वाचलेले नव्हते.

आता ती सुखाची नसलेली आठवण सांगतो.

फर्नेसवर एक वयस्क गृहस्थ होते. सगळे त्यांना मामा म्हणत. वितळलेल्या लोखंडाचा रंग बघून ते तापमान सांगायचे आणि ते बहुधा बरोबर निघायचे. माझ्या हातात रोज पुस्तक पाहून एकदा ते म्हणाले, "पोरा, आमालाबी दे की एखादं. सातवीपातुर शिकलोय मी. वाचाय येतंय मला."

मला केवढे मोठेपण आले! त्याच आठवड्यात वर्गात जी. ए. कुलकर्णी यांच्यावर व्याख्यान झाले होते. जी. ए. बेळगावचे, पुढे धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक. मराठी कथेत त्यांच्या तोडीचे फार थोडे, असे सर म्हणाले होते. मी ग्रंथालयातून 1972 सालचा 'काजळमाया' काढला आणि मामांना दिला. मी तो स्वतः वाचलेला नव्हता. पहिल्या कथेची चार पाने वाचून ठेवला होता. मामांनी तो आठ दिवसांनी वर्तमानपत्रात नीट गुंडाळून परत आणला. वर तेलाचा एक डागही पडू दिला नव्हता.

"चांगलं असंल," ते म्हणाले. "मला काय त्यातलं कळलं न्हाई. आता वय झालं माजं. डोस्कं चालत न्हाई."

त्यानंतर त्यांनी पुस्तक मागितले नाही. दुसरे देऊ केले तर "नगो, तूच वाच" म्हणून हसायचे. सातवीपर्यंत शिकलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने एकदा धीर करून हात पुढे केला आणि आपले डोके चालत नाही असे समजून तो मागे घेतला. त्यांचे डोके उत्तम चालत होते. न चाललेले डोके माझे होते. जी. ए. हे फार मोठे कथाकार आहेत, हे मी आता वाचून सांगतो. पण त्या रात्री मी मामांना पुस्तक दिले नव्हते. मी किती मोठे पुस्तक ओळखतो हे त्यांना दाखवले होते. या दोन गोष्टींतला फरक कळायला मला वर्ष लागले.

तो कळवला बिहारातल्या पूर्णिया जिल्ह्याकडच्या एका कामगाराने. माझ्याच वयाचा हा मुलगा दहावीनंतर शाळा सोडून आलेला. एका रात्री वीज गेली आणि मशिनी थांबल्या. आम्ही पाच-सहाजण बाहेर कट्ट्यावर बसलो. त्याच्या हातात गरम तुकडा उचलायचा चिमटा होता. तो खालीवर करत त्याने एकदम एक गोष्ट सांगायला सुरुवात केली. हामिद नावाचा एक गरीब, आईबापाविना वाढलेला पोरगा. ईदच्या जत्रेला जातो. बाकीची मुले खेळणी घेतात, मिठाई खातात. याच्याजवळ तीनच पैसे. आजीचे हात भाकरी भाजताना पोळतात म्हणून हा त्या तीन पैशांचा लोखंडी चिमटा विकत घेतो.

गोष्ट संपली तेव्हा कोणी बोलले नाही. मामा म्हणाले, "बरोबर केलं पोरानं." प्रेमचंदांची 'ईदगाह' ही गोष्ट त्याने शाळेच्या पुस्तकात वाचलेली होती. त्यानंतर मात्र त्याने एकही कादंबरी हातात धरलेली नव्हती. तरी माझ्या सगळ्या पुस्तकांनी मिळून जे केले नव्हते ते त्याने चिमटा हातात घेऊन दहा मिनिटांत केले. कोणती गोष्ट कुठे आणि कोणापुढे सांगावी हे त्याला उमगले होते.

मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "भैया, अब तुम्हारे यहाँ का कुछ सुनाओ. इसी जगह का."

इसी जगह का! मी कर्णापासून माधवराव पेशव्यांपर्यंत मनात फिरून आलो. या जागेचे माझ्याजवळ काहीच नव्हते. आणि बसलो होतो कुठे? एका बाजूला कागल, आनंद यादवांचे जन्मगाव. दुसऱ्या बाजूला पट्टणकोडोली, शंकर पाटलांचे गाव. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळायला मी पट्टणकोडोलीला लहानपणापासून जातो. अंग पिवळे करून घरी येतो. पण 'वळीव' आणि 'धिंड' लिहिणारा माणूस याच मातीतला, ही गोष्ट मला फक्त परीक्षेच्या टिपणात माहीत होती. वीज आली, मशिनी सुरू झाल्या आणि माझी सुटका झाली. पण लाज राहिली.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून मी आनंद यादवांची 1971 सालची 'गोतावळा' काढली. नारबा नावाचा एक शेतगडी स्वतःच्या बोलीत सारी हकीकत सांगतो. मालकाच्या मळ्यावरची जनावरे हाच त्याचा गोतावळा, हीच त्याची सोयरीक. मग मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि हा गोतावळा मोडत जातो. ही भाषा मला वाचावी लागली नाही, ऐकू आली. माझ्या आजीच्या तोंडचे शब्द छापलेले पाहून मी पहिल्यांदा इकडेतिकडे पाहिले, कोणी बघते आहे की काय म्हणून.

इथे घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमची अडीच एकर जमीन या वसाहतीत गेली. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याविषयी कधी बोलत नाहीत. पैसे मिळाले, घर झाले, आत्याचे लग्न झाले, पैसे संपले. जमिनीबरोबर बैलजोडीही गेली. मी ज्या रस्त्याने कामाला जातो त्या बाजूला अण्णा वीस-पंचवीस वर्षांत गेलेले नाहीत. हुपरीला जायचे झाले तरी लांबच्या वाटेने जातात. मी लहान होतो तेव्हा ही त्यांची सवय आहे असे मला वाटायचे.

'गोतावळा' मी सुट्टीच्या रात्री घरी मोठ्याने वाचत होतो. आईला ऐकायला आवडते म्हणून. अण्णा भिंतीकडे तोंड करून झोपलेले होते. दोन-तीन रात्री असे झाले. चौथ्या रात्री मी कामावर होतो. सकाळी घरी आलो तर ते चहाचा कप घेऊन दारातच बसलेले. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"त्या नारबाचं फुडं काय झालं?"

मी चपला काढायचाही थांबलो. "तुम्ही जागे होता व्हय अण्णा?"

"बैलं इकली का त्येनी शेवटाला?"

त्या सकाळी मी कॉलेजला आलो नाही. माझी हजेरी लावलेली नाही याची सरांनी खात्री करून घ्यावी. दुपारपर्यंत मी उरलेले पुस्तक वाचून दाखवले. संपल्यावर अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या एकाचं नाव राजा. दुसऱ्याचं सर्जा. सर्जाला उजव्या खांद्याला गाठ हुती." एवढेच. पण आमच्या बैलांना नावे होती हे मला वयाच्या एकविसाव्या वर्षी कळले.

पुढच्या रविवारी ते माझ्याबरोबर त्या बाजूला आले. एका कारखान्याच्या कुंपणापाशी उभे राहून त्यांनी बोट केले. "तिथं हिर हुती. त्या पत्र्याच्या शेडखाली." मी रोज रात्री ज्या रस्त्याने सायकल मारत जातो त्याच्याच कडेला. आम्ही दहा मिनिटे थांबलो आणि घरी आलो. पुस्तकाने जमीन परत दिली नाही, देणारही नाही. पण वीस वर्षे ज्या वाटेने ते गेले नव्हते त्या वाटेने ते माझ्याबरोबर चालत आले.

मला वाटले, आता युक्ती सापडली! ज्याचे दुःख त्याच्याच पुस्तकात. मी लगेच विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आणली. धरणात गावे गेलेल्या लोकांची ही कादंबरी 1991 सालची; पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माझ्या मते ती प्रत्येकाने वाचावी. पण पन्नासेक पानांनंतर अण्णांनी हात वर केला.

"हे ऱ्हाऊ दे. हे मला ठावं हाय."

म्हणजे पुन्हा चुकलो. माझ्यासारख्या दूरच्याच गोष्टी वाचणाऱ्याला जवळचे पुस्तक हवे होते. ज्याचे सगळे आयुष्य जवळच्याच गोष्टींत गेले त्याला आता जरा दूर जायचे होते. विचार करून मी पु. ल. देशपांड्यांनी केलेला हेमिंग्वेच्या कादंबरीचा अनुवाद, 'एका कोळियाने', आणला. चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न मिळालेला म्हातारा कोळी पंच्याऐंशीव्या दिवशी पुन्हा समुद्रावर जातो. अण्णांनी समुद्र एकदाच पाहिला आहे, गणपतीपुळ्याला, तोही गुडघाभर पाण्यातून. क्युबा कुठे आहे हे त्यांनी विचारले नाही. पुस्तक दोन रात्रींत संपले. "गडी जिद्दीचा," असे म्हणून त्यांनी पांघरूण ओढले. नंतर कितीतरी दिवस भाजीच्या भावावरून आई कुरकुरायला लागली की ते म्हणायचे, "त्या म्हाताऱ्याला चौऱ्याऐंशी दिस काय गावलं न्हवतं."

एवढ्या ठेचा खाल्ल्यावर मला जे समजले ते असे. वाचनाची आवड वीस नावांच्या यादीने रुंदावत नाही. माणूस आज जिथे उभा आहे तिथून एक पाऊल टाकता येईल एवढ्या अंतरावर पुढचे पुस्तक ठेवले तर ती रुंदावते. दोन्ही पाय उचलायला लावले तर माणूस पडतो आणि दोष स्वतःच्या पायांना देतो. म्हणून पुस्तक सुचवण्याआधी एकच प्रश्न विचारावा: "तुम्हाला आजवर सगळ्यात जास्त काय आवडले?" उत्तर पुस्तकच असले पाहिजे असे नाही. तमाशा असेल, सिनेमा असेल, कोणी सांगितलेली गोष्ट असेल. पुढचे पाऊल तिथून टाकायचे.

माझ्या मित्रमैत्रिणींसाठी अशी काही पावले इथे मांडतो. माझ्यापुरती ती पारखून घेतलेली आहेत.

'मृत्युंजय' ज्याला पाठ आहे त्याने इरावती कर्व्यांचे 'युगान्त' वाचावे. ती कादंबरी नव्हे, पण महाभारतातली माणसे देवत्व उतरवून ठेवल्यावर कशी दिसतात हे त्यात कळते. तिथून एस. एल. भैरप्पांच्या 'पर्व'कडे जावे. मूळ कन्नड, मराठीत उमा कुलकर्णींनी आणलेली. कर्ण तिथेही भेटतो. पण तिथले युद्ध संपल्यावर मनात अभिमान उरत नाही, दमलेली माणसे उरतात. आपल्यापासून कर्नाटकची हद्द किती लांब? कागल सोडले की कोगनोळीचा नाका. आणि तरी कन्नड पुस्तक आपल्याला परके वाटते, याची थोडी मौज वाटू द्यावी.

'स्वामी' आणि 'श्रीमान योगी' आवडणाऱ्याला शौर्य आवडते, हे उघड आहे. त्याने अण्णा भाऊ साठ्यांची 1959 सालची 'फकिरा' घ्यावी. तलवार तिथेही आहे, घोडाही आहे. फक्त ती गावकुसाबाहेरच्या माणसाच्या हातात आहे. ती वाचून झाली की बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या 1963 सालच्या संग्रहाकडे वळावे. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो आणि परक्या गावी डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात लपवतो. आपण म्हणतो, कारखान्यात सगळ्यांचा गणवेश एकच. ही कथा वाचल्यावर मी कँटीनमध्ये कोण कोणाच्या डब्यातले घेतो आणि कोण घेत नाही, हे बघायला लागलो. जे दिसले ते चांगले नव्हते.

सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' ज्यांच्या उशाशी असते, आणि वसतिगृहात असे पुष्कळ आहेत, त्यांनी नेमाड्यांची 'कोसला' उघडावी. कॉलेज तिथेही पुण्यातलेच आहे, मेसही आहे, रिकामपणही आहे. पहिली तीस पाने चिडायला होईल. चिडावे आणि पुढे वाचावे.

गावच्या गमती आवडणाऱ्यांसाठी शंकर पाटलांच्या कथा आहेतच. पण ते केवळ हसवणारे लेखक आहेत असे समजून थांबू नये. त्यांची 1964 सालची 'टारफुला' वाचावी. जोंधळ्याच्या मुळावर वाढणारे ते तण आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. गावच्या सत्तेच्या मुळावर काय वाढते ते कादंबरीत आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की ती अधिकच कळते. तिथून व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'कडे जावे, आणि मग हिंदी येत असेल तर थेट फणीश्वरनाथ रेणूंच्या 'मैला आंचल'कडे. ती 1954 साली आली. माझ्या त्या सहकाऱ्याच्या पूर्णिया जिल्ह्याचीच ती कादंबरी. मी ती वाचतो आहे असे सांगितले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसले ते पाहून मला माझी कट्ट्यावरची लाज आठवली. त्याच्याही जागेचे पुस्तक त्याला कोणी दिलेले नव्हते. आता आम्ही ते मिळून वाचतो. अडलेले शब्द तो सांगतो.

मुलींना 'मुलींची पुस्तके' सुचवायचा आगाऊपणा मी करणार नाही. उलट मुलांना सांगतो, की उद्धव शेळक्यांची 'धग' वाचा. वऱ्हाडी बोली सुरुवातीला अडते, मग आपलीशी होते. त्यातली कौतिक ज्या घरासाठी झिजते तशी घरे आपल्या गल्लीत किती आहेत ते मोजा. त्यानंतर कविता महाजनांची 'ब्र' वाचा. सरपंचपदावर बसलेल्या बायकांचा कारभार नवरे कसा करतात, हे आपल्यालाही ठाऊक असते. बोलत मात्र कोणी नाही.

आणि जे माझ्यासारखे पाळीला जातात त्यांनी निपाणीच्या महादेव मोऱ्यांना विसरू नये. 2024 साली ते गेले. पिठाची गिरण चालवत त्यांनी आयुष्यभर लिहिले. तंबाखूच्या वखारीतल्या बाया, गॅरेजमधली माणसे, गाड्यांवरचे ड्रायव्हर हे त्यांच्या कथा-कादंबऱ्यांतले लोक. कागलपासून निपाणी किती लांब आहे हे इथे सांगायला नको. मग मुंबईच्या गिरण्या बंद पडल्यावर माणसांचे काय झाले ते जयंत पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'मध्ये पाहावे. आजचे आपले लेखक हवे असतील तर कृष्णात खोत आहेत, किरण गुरव आहेत. दोघेही याच जिल्ह्यातले, दोघांनाही अलीकडच्या वर्षांत साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला. ते आज आपल्यासमोर लिहीत आहेत, हे आपले भाग्य. त्यांना केवळ परीक्षेसाठी वाचण्याइतका करंटेपणा आपण करू नये.

पाहा, यादी नको म्हणता म्हणता यादी झालीच. पण ही यादी वरून खाली वाचायची नाही. आपण कुठे उभे आहोत ते आधी ओळखायचे आणि तिथून पुढचे एक पुस्तक उचलायचे. न आवडले तर परत करायचे. पुस्तक अर्धे टाकणे हे पाप नाही. ते पुस्तक आपली वाट बघत थांबते, त्याला घाई नसते.

राहिले मामा. गेल्या उन्हाळ्यात एका रात्री मी कट्ट्यावर शंकर पाटलांची एक कथा मोठ्याने वाचली. मामा जरा अंतरावर तंबाखू मळत बसले होते. अर्ध्यात ते हसले. मग जवळ सरकले. संपल्यावर मी पुस्तक त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते घेतले नाही. "तू वाच," म्हणाले, "मी ऐकतो." त्यावर मी काही बोललो नाही. त्यांच्या मनातली ती जुनी समजूत अजून तशीच आहे आणि ती माझ्या हाताने तिथे बसलेली आहे. आठवड्यातून दोनदा आम्ही वाचतो. कधीतरी ते स्वतः हात पुढे करतील अशी मला आशा आहे. नाही केला तरी वाचायचे थांबणार नाही.

'काजळमाया' मी पुढे पुरता वाचला. वर्ष लागले. तीनदा ठेवला, तीनदा उचलला. आता तो माझ्या फार आवडीच्या पुस्तकांत आहे. मामांना मात्र तो पुन्हा देणार नाही. त्यांनी मागितला तरच देईन.

सर, वीस नावांची टिपणे देऊ शकलो नाही, क्षमा असावी. कोणाला पुढचे पुस्तक हवे असेल तर मी बुधवारी आणि शनिवारी शेवटच्या तासानंतर ग्रंथालयाच्या काउंटरपाशी असतो. पेंगत असलो तर खुशाल हलवून उठवा. फक्त येताना तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडले होते ते ठरवून या.